अनशाबाईचा लाल

अनशाबाईच्या तेरवीला तिच्या मुलाने, नामदेवने, पंगत बसण्याआधी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी म्हणून तो मान माझ्याकडे आला होता. मी म्हणालो, "नामदेव, खोटं मला बोलता येत नाही आणि खरं तुला आज चालणार नाही." त्याने मान हलवली आणि दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं. त्या गृहस्थाने तिला मायेचा झरा म्हटलं. पंगतीतल्या निम्म्या बायकांनी तोंडाला पदर लावला. तो रडण्यासाठी नव्हता.

मेलेल्या माणसाचं वजन वाढवून सांगायचं ही पद्धत मला पटत नाही. कापसाच्या हंगामात मी जवळच्या बेला गावी एका व्यापाऱ्याकडे काटा करायचो. काट्यावर जे असतं ते असतं, कुणाच्या किवेने पारडं खाली जात नाही. मला अनशाबाई आवडत नव्हती. आजही आवडत नाही. तोंडावर मी तिला काकू म्हणायचो, पण लिहिताना अहो-जाहो जमणार नाही. तरीही ती माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून एकदा नीट तोलून मोकळा होतो.

आमचं गाव बेल्याच्या पलीकडे, राज्याच्या हद्दीला लागून. आमच्याकडे पोळा दिवाळीहून मोठा. त्या दिवशी बैलाच्या कपाळावर लाल सुताची मठाटी बांधतात आणि गळ्यात लाल गोंडे घालतात. हे सूत अनशाबाईच्या घरी रंगायचं, तिच्या सासूच्या काळापासून. आधी सूत हिरड्याच्या पाण्यातून काढायचं, मग तुरटीच्या, आणि मग बारतोंडीच्या झाडाच्या मुळ्यांची साल कुटून तिच्यासोबत शिजवायचं. गावचा रिवाज असा की तोरणाखालून पहिली जोडी पटेलाची, म्हणजे गावच्या पाटलाची, जाणार, आणि तिच्या कपाळावर ज्या घरचा लाल असेल तो त्या वर्षीचा गावाचा लाल. बाकीचे लाल गोठ्यातले. हा मान अनशाबाईकडे होता आणि तो हातचा जाऊ नये एवढ्यासाठी ती जगत होती. नामदेवच्या लग्नात ती नटली नाही तेवढी दर पोळ्याला नटायची.

उंच, हाडकुळी बाई. हात कोपरापर्यंत तांबूस, नखांच्या कडा काळ्या. चालताना पायाचा आवाज नाही. त्यामुळे ती अंगणात येऊन उभी असायची आणि आपल्याला कळायचं ते ती बोलली की.

लाल तपासायची तिची एक रीत होती. त्या रीतीत मला कधी चूक सापडली नाही, आणि मी शोधली होती. ओलं सूत ती बघायची नाही. "ओलं सूत लबाड असते," म्हणायची. सूत वाळलं, ऊन डोक्यावर आलं, की ती अंगणात पांढरं धोतर अंथरायची. त्यावर सासूच्या हातची जुनी लडी आणि शेजारी नवी. मग दोन्हींतला एकेक धागा उपसायची आणि मांडीवर दोघांना मिळून पीळ द्यायची. रंग एकच असेल तर पिळलेला धागा एकच दिसतो. जराही फरक असेल तर त्यावर सापाच्या अंगासारखे पट्टे उठतात. पट्टे दिसले की लडी बाद, स्वतःची असली तरी. त्या लडीचे गोठ्यात दोर वळले जायचे. एवढं तिच्या बाजूने लिहितो, कारण ते खरं आहे.

दुसऱ्यांच्या लालासाठी तिच्याकडे नावं होती. ढेकणाच्या रक्ताचा. थुंकलेल्या पानाचा. फुटक्या खापराचा. खरूज खाजवल्याचा. चांगल्या लालाला नाव नव्हतं, तो फक्त 'माहा' होता. आणि हे सुतापुरतं राहत नसे. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात, पोरगी पाटावर बसलेली असताना, ती नवऱ्या मुलाच्या आईला म्हणाली, "पोरगी बरी हाय, पर लुगडं ढेकनाचं हाय." माझी भावजय आत जाऊन रडली. अनशाबाई दोन लाडू खाऊन घरी गेली.

ऐंशी सालानंतर माझी बायको शोभा आदिलाबादला जाऊन घरच्या घरी सूत रंगवायचं शिकून आली. पुडीचा रंग, मीठ, गरम पाणी. तिला पहिल्यापासून एकच गोष्ट हवी होती, आपला लाल पटेलाच्या जोडीवर दिसावा. मला ते पोरकट वाटायचं, पण तिने कधी दुसरं काही मागितलं नव्हतं.

पहिल्या लड्या वळणीवर वाळत होत्या आणि खाली जमिनीवर लाल थेंब पडले होते. पाठीमागून आवाज आला.

"काय करून राह्यली वं?"

"सूत रंगवून राह्यली, काकू," शोभा म्हणाली.

"सूत? मले वाटलं कोनाचं बाळंतपन झालं."

तिने एक लडी ओढून काढली, नाकाशी धरली, आणि आमच्या बैलाच्या हौदात बुडवून पिळली. पाणी लाल झालं.

"घ्या. आता तुमचा बैल लाल पानी पेते. कपायाले बांधाची गरजच नाही." ती हात झटकत निघून गेली. त्या दिवसापासून तिने शोभाचं नाव कधी घेतलं नाही. पुडीवाली म्हणायची. मला काटेवाला. लडी हौदातच होती. शोभाने ती काढली नाही, मी काढली.

पुढच्या वर्षी शोभाने पड खाल्ली. ती अनशाबाईकडे गेली आणि म्हणाली, काकू, मला मुळ्यांचा रंग शिकवा. मीही सोबत होतो, दाराशी उभा. मला वाटलं ही बाई हाकलून देईल. तिने शोभाला पाट दिला. गोड आवाजात सगळं सांगितलं. सूत किती उकळायचं, हिरडा सुताच्या वजनाचा पाचवा हिस्सा, तुरटी तेवढीच, मुळ्या सुताच्या दुप्पट. मी आकडे मनात धरले आणि घरी येऊन एकेक वस्तू तोलून दिली. मुळ्यासुद्धा तिनेच दिल्या.

शोभाने आमच्या लग्नकार्याच्या मोठ्या लोखंडी कढईत सूत शिजवलं. दुपारी काठीने उचललं तर ते वांग्याच्या सालीसारखं काळं-जांभळं झालेलं.  अनशाबाईला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली.

"हे कायचं सूत हाय? तिरडीले बांधाचं?"

"तुमी सांगतलं तसंच केलं," शोभा म्हणाली.

"कायात शिजोलं?"

"कढईत."

"लोखंडाच्या? म्या कवा सांगतलं लोखंडात शिजोव म्हून?"

"नको शिजवू, हेबी नाही सांगतलं."

"तू इचारलं नाही."

हिरड्याला लोखंड लागलं की शाई होते, हे तिच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिचं स्वतःचं भांडं कल्हई केलेला तांब्याचा हंडा. आमच्या घरी एवढं मोठं दुसरं भांडं नाही हे तिला माहीत होतं, कारण प्रत्येक लग्नात तीच कढई ती मागून न्यायची. मी म्हणालो, "काकू, हे बरोबर नाही केलं तुम्ही."

"तुया काट्यावर तोलून पाह्य ना मंग," ती म्हणाली, "कोनाचं पारडं जड हाय ते." ती हसत होती. तिच्या चेहऱ्यावर मी समाधान पाहिलं ते तेवढंच. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं की पुडीवालीने काळ्या मठाट्या केल्या आहेत, मयत असेल तर सांगा.

शोभा पुन्हा मुळ्यांच्या वाटेला गेली नाही. ती परत आदिलाबादला गेली आणि दोन पाण्यांचा पक्का रंग शिकली. पहिल्या पाण्यात सूत बुडवलं की काहीच होत नाही, जेमतेम पिवळट छटा येते. तेच पिळून दुसऱ्या पाण्यात घातलं की डोळ्यांदेखत लाल फुलतो. धुतला तरी जात नाही. मी स्वतः साबणाने, सोड्याने, उन्हात ठेवून तपासला. लाल होता. सासूच्या लडीएवढा खोल नसेल, पण लाल होता.

आम्ही लडी घेऊन पटेलाच्या ओसरीवर गेलो. अनशाबाई आधीच तिथे बसलेली. पटेल म्हातारा, सगळ्यांशी गोड राहणारा माणूस. त्याने लडी हातात फिरवली आणि म्हणाला, "अनशाबाई, रंग तं पक्का दिसते."

"दिसते ना. पटेल, लाल असा फाटकन येते का? लाल चढोवा लागते. लेकरू का एका दिवसात होते? हा रंग नाही, हा फोटू हाय."

ओसरीवरचे लोक हसले. पटेलही हसला. लडी आमच्या हातात परत आली.  त्यानंतर गावातल्या काही घरांनी तिच्याकडून मठाट्या घेतल्या, पण मागच्या दाराने.

तेव्हापासून अनशाबाई रंगाचं उरलेलं पाणी आमच्या भिंतीच्या पायथ्याशी ओतू लागली. तिच्या अंगणाला उतार दुसरीकडे होता, तरी हंडा उचलून इकडे आणायची. मी दर वर्षी पोळ्याआधी चुना मारायचो, आणि दर वर्षी चुन्यावर तिच्या लालाचा डाग चढायचा. बोललो तर म्हणायची, "तुया भिताडाले तेवढाच खरा लाल."

त्या भिंतीवरूनच मला पहिल्यांदा कळलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. यंदाचा डाग लाल नव्हता. तपकिरी होता, गंजासारखा. पुढच्या वर्षी आणखी काळपट. मी कारण शोधलं आणि ते चटकन सापडलं. गावात हापशी बसली होती. अनशाबाईचे गुडघे गेले होते, तिला विहिरीवर जाववत नव्हतं, आणि तिची सून जवळ पडते म्हणून हापशीचं पाणी आणत होती. हापशीच्या पाण्याला लोखंडाचा वास यायचा आणि भांडं रात्रभर ठेवलं की तळाला गंज बसायचा. ज्या बाईने लोखंडाच्या कढईने आम्हाला काळं केलं तिचा हंडा आता लोखंडाच्या पाण्याने भरत होता. आणि तिला ते दिसत नव्हतं, कारण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दुधासारखा. समोर उभं राहिलं की लांबूनही दिसायचा.

मी गेलो आणि सांगितलं. आडून नाही, सरळ. "काकू, यंदाचा लाल तपकिरी आलाय. पाणी हापशीचं आहे. आणि तुमचे डोळे गेलेत, तपासून घ्या."

तिने धोतर अंथरलं. सासूची लडी ठेवली, नवी ठेवली. दोन धागे उपसून मांडीवर पीळ दिला आणि माझ्यासमोर धरला. आंधळ्यालाही बोटांना लागतील असे पट्टे होते त्यावर. "कुठं हाय फरक? दाखव."

मी बोट ठेवलं. तिने धागा नाकापर्यंत नेला, उन्हाकडे धरला, फिरवला. "काहीच नाही. एक हाय." मग तिने आत हाक मारली. "पानी कुठलं आनतं वं तू?"

सून दारात आली. सासूच्या पाठीमागून तिने माझ्याकडे बघत मान हलवली, नको म्हणून. "हिरीचंच हाय," ती म्हणाली.

"आइकलं? बायकोचा लाल लागत नाही म्हून माह्या डोयात माती टाकाले आला. निंघ."

मी नामदेवला सांगितलं. तो म्हणाला, तिला कोण समजावणार. पटेलाला सांगितलं. पटेल म्हणाला, "जाऊ दे गा. बुढी हाय. बैलाले कुठं रंग कयते?" सगळ्या गावाला दिसत होतं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहायच्या आणि पटेलाच्या देखण्या पांढऱ्या बैलांच्या कपाळावर वाळलेल्या रक्तासारखं काहीतरी लटकत असायचं. अनशाबाई नटून ओळीवरून चालायची, कुणाच्या मठाटीला हात लावून "पाह्य, याले म्हन्ते लाल" म्हणायची, आणि लोक हो म्हणायचे. शोभाने मला एकदा विचारलं, "लाल नाही हे साऱ्यायले दिसते, मंग काऊन बांधते?"

"तिच्या तोंडाला भितात."

"मंग मलेबी तोंडच पाह्यजे होतं," ती म्हणाली, "रंग कायले शिकली म्या."

पुढे एका पोळ्याआधी, मठाट्या घरोघर पोचवून झाल्यावर, अनशाबाईचा हात अंदाज चुकून उकळत्या हंड्यात गेला. हात भाजला म्हणून नामदेव तिला आदिलाबादला घेऊन गेला. तिथल्या तेलुगू डॉक्टरने हाताआधी डोळे बघितले. तिथेच तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नंतर ती आदिलाबादलाच लेकीकडे राहिली आणि बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून पोळ्याच्या दिवशी दुपारच्या बसने गावात उतरली. घरी गेली नाही. हातात पिशवी, भाजलेल्या हाताला फडकं, तशीच सरळ तोरणाकडे आली.

जोड्या लागल्या होत्या. झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या होत्या. लोकांनी तिला वाट करून दिली. ती पटेलाच्या जोडीपुढे थांबली आणि बराच वेळ बघत राहिली. मग मान उचलून ओळीतल्या बाकीच्या बैलांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हे कोनं केलं?" तिने विचारलं.

 वाजंत्री थांबली होती.

"पटेल, मी इचारून राह्यली. हा गू कोनं बांधला बैलाच्या कपायावर?"

पटेल म्हणाला, "अनशाबाई, तुमचंच हाय."

 तिने पिशवी खाली ठेवली आणि बऱ्या हाताने डावीकडच्या बैलाच्या मठाटीची गाठ सोडायला लागली. तोरण तुटायच्या आधी बैलाचा साज काढणं म्हणजे अपशकुन. दोघं-चौघं ओरडत पुढे आले. गड्याने तिचा हात धरला. तिने त्याला असा हिसडा दिला की तो बैलाच्या पायात पडला.

"अपशकुन इतकी वर्षं चालला तवा कुठं होते बे तुमी? डोये तं तुमाले होते ना?"

एकाची सोडली, दुसऱ्याची सोडली. गाठ सुटेना तिथे दातांनी तोडली. पटेलाची जोडी झाली की ओळीतल्या बाकीच्यांकडे वळली. कुणी अडवलं, कुणी नाही. माझ्यासमोर आली तेव्हा चष्म्यातून तिचा डोळा लिंबाएवढा दिसत होता. मला वाटलं, आता हिला आठवेल की मी सांगितलं होतं. आठवलंही असेल. ती म्हणाली, "तूबी एकदाच सांगतलं." आणि पुढे गेली.

उघड्या कपाळाची जोडी तोरणाखालून कशी न्यायची, म्हणून पटेलाने आमच्याकडे पाहिलं. शोभा घरी गेली आणि आपल्या मठाट्या घेऊन आली. गडी बांधत असताना अनशाबाई मध्ये आली. तिने शोभाचा गोंडा उचलून चष्म्याला टेकवला. 

"हाबी लाल नाही," ती म्हणाली. मग गोंडा गड्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "बांधा."

तोरण तुटलं, पोळा फुटला. बैल घरोघर गेले. संध्याकाळी मी शोभाला विचारलं, हवं ते मिळालं, समाधान झालं का. मला वाटलं, म्हणेल की असं नको होतं. ती म्हणाली, "झालं. काऊन नाही होनार?"

त्यानंतरचा पोळा अनशाबाईने पाहिला नाही. पण माझ्या डोक्यात ती राहिली आहे ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. गुडघ्यांनी चालता येत नसलेली ती बाई पहाटेपासून स्वतः विहिरीवर खेपा घालत होती, भाजलेला हात छातीशी धरून. सुनेला तिने घागरीला हात लावू दिला नाही. दुपारी जळक्या सुताचा वास आला म्हणून मी भिंतीवरून डोकावलो. अंगणात तांब्याचा हंडा चढवला होता, त्यात नव्या मुळ्या शिजत होत्या. खाली चुलीत सरपण म्हणून आदल्या दिवशी सोडून आणलेल्या मठाट्या आणि गोंडे मूठमूठ सारणं चाललं होतं. सूत धुमसायचं, धूर तिच्या तोंडावर यायचा, चष्मा काळा व्हायचा. ती तो पदराने पुसायची आणि काठीने हंड्यातला एक धागा उचलून बघायची, परत सोडायची.

मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. तिने मान वर न करता विचारलं, "काय पाह्यतं, काटेवाल्या?"

मी म्हणालो, "काही नाही, काकू."

"मंग सरक तिकडं. उजिडात उभा नको राहू."